सोबतीला निजणारं माणूस

शहापूर तालुक्यात वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं घड्याळ कसारा लोकलवर चालतं. कर्ता माणूस पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जातो, रात्रीच्या गाडीने परततो. गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला की इकडे कालवण पुन्हा गरम व्हायला लागतं. मुरबाडकडे रेल्वे नाही, तिथे कल्याणहून येणाऱ्या शेवटच्या एसटीकडे कान असतो. अशा घरातला माणूस एकाएकी गेला, तरी गाडी येतच राहते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चहा कोण करतंय, भांडी कोण घासतंय याचा पत्ता नसतो. मग पाहुणे आपापल्या गावी जातात, पोरांची शाळा सुरू होते, आणि एका रात्री दाराला कडी घालताना बाईच्या लक्षात येतं की रडू बरंचसं सरलंय, पण आता भीती वाटतेय.

कशाची, ते तिला नीट सांगता येत नाही. अंधाराची म्हणावं, तर दिवा चालू आहे. चोराची म्हणावं, तर चोराने न्यावं असं घरात काही नाही. खुंटीवरच्या शर्टाकडे बघवत नाही आणि तो काढून ठेवायचं धाडसही होत नाही. मुलगा शाळेतून यायला थोडा उशीर झाला की पोटात खड्डा पडतो. पावसाळ्यात गवतात पाय टाकताना पूर्वी कधी मनात न आलेला साप आता रोज मनात येतो. एक माणूस असा न सांगता जाऊ शकतो, तर कुणीही जाऊ शकतं, हे तिच्या शरीराला कळून चुकलेलं असतं.

गावाकडे यावर जुना आणि शहाणा उपाय आहे. सोबतीला निजायला कुणाला तरी पाठवायचं. शेजारची म्हातारी, नणंदेची लेक, कधी जावेचा सात-आठ वर्षांचा पोरगा. तो पोरगा काय संकटाला पुरा पडणार असतो? पण त्याच्या श्वासाचा आवाज खोलीत असला की बाईचा डोळा लागतो. हा उपाय महिनाभर पुरतो, फार तर दोन महिने. पुढे शेजारणीलाही तिचं घर असतं.

भीती त्यानंतरही टिकली, की पाड्यावर आधी भगताकडे नेतात. गेलेल्याचा जीव घरात घुटमळतोय असं तो सांगतो, उतारा काढतो. कुणी दवाखान्यात जातं, तिथे बहुतेकदा अशक्तपणाचं सलाईन लागतं. आणि काही जण प्रार्थनेला जातात. शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरं तशी मोजकी. काही नोकरीधंद्यासाठी नगर-नाशिक-जालन्याकडून आलेली मराठी कुटुंबं, काही केरळी. मुंबई-पुण्याकडे आलेल्या अशाच केरळी ख्रिस्ती लोकांसाठी कल्याणच्या नावाचा सायरो-मलबार धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. शिवाय एखाद्या घराच्या ओसरीत रविवारी सतरंजी अंथरून भरणाऱ्या लहान मंडळ्या. अशा मंडळीत बसणाऱ्या माणसाला तुम्ही इथे कसे आलात असं विचारलं, तर सिद्धान्ताची चर्चा क्वचितच ऐकू येते. घरातलं एखादं आजारपण किंवा एखादा मृत्यू सांगितला जातो, आणि त्यामागून आलेली भीती.

विश्वासाने भीती जाते, असं एका वाक्यात सांगणारे पुष्कळ भेटतात. ती कशी जाते, किती काळाने जाते आणि जाताना माणसाकडून काय करवून घेते, हे सांगणारे थोडे. सुदैवाने मराठीत असं सांगणाऱ्या दोन थोर स्त्रिया होऊन गेल्या, आणि दोघींनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. दोघींची चरित्रं आपण समाजसुधारणा आणि साहित्य या खात्यांत टाकून मोकळे झालो. शोकातल्या भीतीचा अनुभव म्हणून ती वाचली, तर त्यांत आजच्या शहापुरातल्या बाईला उपयोगी पडेल असं खूप सापडतं.

त्याआधी शरीराचं थोडं. छातीत धडधड, घशाशी आवंढा, उडालेली झोप, दचकून जाग येणं, दाराकडे लागलेला कान. ही शोकाची लक्षणं आहेत आणि हीच भीतीचीही. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी ख्रिस्ती विश्वासावर अनेक वर्षं लिहिलं. १९६० साली पत्नी जॉय कर्करोगाने गेल्यावर त्यांनी वह्यांत स्वतःशी जे लिहिलं, ते पुढच्या वर्षी टोपणनावाने छापलं. त्याची सुरुवातच या शोधाने होते की शोक आतून भीतीसारखा वाटतो आणि हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या पुस्तकात ते देवावर संतापतात, दार बंद करून घेतल्याचा आरोप करतात. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला भीती वाटूच नये, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. वैद्यकशास्त्रही आता शोकाकडे वेगळं बघतं. बहुतेकांचा शोक हळूहळू वळणावर येतो, त्याला औषध लागत नाही. काहींचा मात्र येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोक हा स्वतंत्र विकार म्हणून आला आहे. सहा महिने उलटूनही माणूस रोजच्या जगण्यात परतू शकत नसेल, तर त्याला उपचारांची गरज आहे असं ते सांगतं.

आणि भीतीचा एक हिस्सा अगदी खरा असतो, तो मनाचा खेळ नसतो. सातबारावर वारसनोंद व्हायची असते, बचत गटाचा हप्ता थांबलेला नसतो, दीर जमिनीबद्दल काही बोलत नसतो आणि त्याचं न बोलणंच टोचत असतं. उन्हाळ्यात विहीर आटते आणि टँकर येतो तेव्हा धावायला घरात दुसरं कुणी नसतं. ज्या तालुक्यातल्या भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर हे चित्र आहे. अशा बाईला केवळ देवावर भार टाका असं सांगणं मला क्रूर वाटतं.

आता रमाबाई. १८५८ साली गंगामूळच्या जंगलात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष घेतला आणि पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब उपासमारीने मोडलं. आधी वडील गेले, थोड्या काळाने आई, मग मोठी बहीण. आईच्या अखेरच्या दिवसांत रमाबाई एका घरी भाकर मागायला गेल्या. दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्दच फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा त्या घरच्या बाईने न मागता भाकर हातावर ठेवली. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली आणि मैलोन्‌मैल चालल्या. अजून विशीही गाठली नव्हती.

भाऊ-बहीण पायी हिंदुस्थान पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत श्रीनिवासही गेला. मरताना त्याला घोर होता तो बहिणीचा, ही एकटी कशी राहील याचा. देवाखेरीज आपल्याला होतं कोण, असं रमाबाईंनी म्हटल्यावर, तो काळजी घेत असेल तर मला भय नाही, अशा अर्थाचं तो बोलला. हे इथे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण त्या वेळी दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती नव्हतं. भरवशाचं हे बीज त्यांच्या घरातच होतं. शास्त्र्याच्या, कथेकऱ्याच्या, उपाशी फिरणाऱ्या घरात.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. सिल्चरच्या घरी त्यांच्या हाती लूकचं शुभवर्तमान पडलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले, मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. म्हणजे आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळं चोविशीच्या आत. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बाहेरून बघणाऱ्याला ही बाई निर्भय वाटावी. तशी ती होतीही, लोकांपुढे.

१८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायचं ठरवून इंग्लंडला गेल्या. सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वाँटेज गावी मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या. तिथे आनंदीबाईंच्या मनाने घेतलं की आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करणार. संस्कृतचे पंडित मॅक्सम्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की एका रात्री तिने रमाबाईंचा गळा आवळायचा प्रयत्न केला आणि पुढे स्वतःचा जीव दिला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्सम्युलर यांच्या घरी राहायला आल्या, तेव्हा त्यांची अवस्था अशी होती की रात्री खोलीत एकटीने झोपणं त्यांना शक्यच नव्हतं. त्या घरच्या लोकांनी एका मोलकरणीला रोज रात्री त्यांच्या खोलीत निजायला सांगितलं. पुढे ऐकूही कमी येऊ लागलं आणि डॉक्टर व्हायचा बेत सोडावा लागला.

तिरडी डोक्यावर घेऊन चाललेली, शास्त्र्यांच्या सभा जिंकलेली, महाराष्ट्रात वादळ उठवलेली ही बाई पंचविसाव्या वर्षी ऑक्सफर्डात मोलकरीण शेजारी असल्याशिवाय झोपू शकत नव्हती. चरित्रांत हा प्रसंग येतो आणि पुढच्या पानावर विसरला जातो. मला तो रमाबाईंच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगांपैकी एक वाटतो. भीती धैर्यवान माणसाला सोडत नाही, आणि सोबतीला कुणी निजलं तर त्यात कमीपणा नाही, हे त्यातून दिसतं. त्या मोलकरणीचं नाव कुठे आलेलं नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी, याच काळात, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्याने भीती गेली नाही, मनही निवलं नाही. हे त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे लिहिलं आहे: ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायचा राहिला होता. त्या शांततेला आणखी आठ वर्षं लागली. या मधल्या काळात त्या हातावर हात धरून बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात शिकवलं, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या, तिथे हिंदू विधवांवर पुस्तक लिहून पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केलं. गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे, या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती आलं. अनेक वर्षं धर्मोपदेशक असूनही आपल्याला जिवंत विश्वास नव्हता, अशी त्यातली कबुली वाचून रमाबाईंना स्वतःची अवस्था ओळखू आली. आपलं पांडित्य, आपलं कर्तृत्व यांच्या जोरावर हे मिळायचं नाही, ते आहे तसं देवापुढे टाकून द्यायचं, इथे त्या आल्या.

रविवारी एकदा प्रार्थना केली आणि सोमवारी भीती गेली, असं सांगणाऱ्या साक्षी खोट्याच असतात असं मी म्हणणार नाही. पण ज्याची जात नाही त्याने आपल्या विश्वासात खोट आहे असं धरून बसू नये. रमाबाईंसारखीला आठ वर्षं लागली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःची वीस वर्षांपूर्वीची उपासमार आठवली. जंगलात पानं खाऊन काढलेले दिवस, आईसाठी मागायला गेलेली भाकर. अशी आठवण जागी होते तेव्हा माणूस त्या दिशेला पाठ फिरवतो, शोकातल्या भीतीचा तो नेहमीचा मार्ग आहे. रमाबाई उलट त्या दुष्काळी मुलखात गेल्या आणि उपाशी, अनाथ, कुणाच्याही तावडीत सापडू शकणाऱ्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. शारदासदन तोवर पुण्यात आलं होतं, पण तिथे प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर राहुट्या पडल्या आणि त्यांतून मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. त्या प्रत्येकीने आपलं माणूस डोळ्यांदेखत गमावलेलं होतं. रात्री किंचाळत उठणाऱ्या मुलींना काय लागतं, हे रमाबाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

ख्रिस्ती विश्वास भीतीशी काय करतो याचं मला दिसलेलं उत्तर इथे आहे. तो आधी भ्यालेल्या माणसाला सोबत देतो, देवाची आणि माणसांची. आणि मग, बऱ्याच काळाने, त्यालाच दुसऱ्या कुणाची सोबत करायला उठवतो. दुसरी गोष्ट घडल्याशिवाय पहिली पुरी होत नाही.

शुभवर्तमानं या दृष्टीने वाचून बघावीत. तिथे भीतीला कुठेच लपवलेलं नाही. येशूला क्रुसावर मारल्यानंतर त्याचे शिष्य कुठे सापडतात? दारं लावून घेतलेल्या घरात, भयाने एकमेकांना चिकटून. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर कथा संपतेच रिकाम्या कबरेवरून भिऊन पळालेल्या बायकांपाशी. खुद्द येशू मित्राच्या कबरेपाशी रडतो. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याच्या जिवाची घालमेल होते आणि तो तिघा जवळच्यांना विनवतो की माझ्यासोबत जागे राहा. ते झोपी जातात. देवाचा पुत्र म्हणून ज्याला भजतात त्यानेही रात्रीला सोबत मागितली, आणि त्याला ती मिळाली नाही, हे ज्या धर्मग्रंथात आहे, त्या धर्माच्या माणसाने भिणाऱ्याला लाज वाटायला लावू नये. क्रुसावरून त्याने केलेली व्यवस्थाही घरगुती आहे. आई एकटी पडणार म्हणून तिला एका शिष्याच्या हवाली केलं, आणि त्या दिवसापासून ती त्याच्या घरी राहू लागली.

पहिल्या मंडळीचा कारभार कशावरून अडला, तेही बघण्यासारखं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार येते की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होतेय. त्यावर सात माणसं खास नेमली गेली. विधवांच्या ताटासाठी पदाधिकारी नेमणारी ही मंडळी होती. याकोबाच्या पत्रात तर शुद्ध धर्माची खूण म्हणून अनाथ आणि विधवांच्या संकटात त्यांच्या घरी जाणं सांगितलं आहे. घरी जाणं, निरोप धाडणं नव्हे.

लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. त्यांच्या घरात भीती वारशाने आली होती. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घ्यायचा, माणसाची सावली चुकवायची, सगळं घर त्या धाकात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण या हकिकतींना हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवत सांगतात. पण त्या हसण्याखाली फाशीच्या दोराने घाबरलेलं एक घर आहे. जग हाताबाहेर गेलं की माणूस हाताशी असलेलं काहीतरी घट्ट धरतो, आणि घासत, धुवत, मोजत राहतो.

पुढे नारायण वामन टिळकांशी संसार. टिळकांचंही बालपण आईवेगळं. कल्याणला शाळेत असतानाच्या दिवसांत, १८७३ साली, आई गेली, वडिलांशी पटेना, घर सोडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंतपणी गेला. त्यांनी डोकं आपटून घेतलं, वेड लागेल की काय अशी अवस्था झाली, आणि लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने वर्षं काढली. परत नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळं बरोबर होतंच. ते सुटलं कसं, हे त्यांनी लिहिलंय. कुणाच्या प्रवचनाने नाही. एक दिवस स्वतःशी विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की माणसांत जाती काही देवाने केलेल्या नसाव्यात, आणि त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वडिलांची भीती स्पर्शाची होती, आणि लेक त्या स्पर्शातूनच मोकळी झाली. नगरच्या प्लेगात लोक सख्ख्या माणसाला सोडून पळत होते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. घरात परकी, पोरकी मुलं वाढवली. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले, आणि त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. ज्या बाईला नवऱ्याने हाताला धरून अक्षरं पक्की करून दिली होती, तिने पुढचे ६४ अध्याय लिहून ते काव्य पुरं केलं. छापलेलं बघायला त्या नव्हत्या. १९३६ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९३८ मध्ये आलं. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेल्या टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत मरणाऱ्या पक्षिणीचा जीव घरट्यातल्या पिलांसाठी तुटतो. त्या कवीच्या मागे राहिलेल्या बाईने ते घरटं असं सांभाळलं.

या दोघींच्या उजेडात आजच्या चुका जास्त स्पष्ट दिसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतला कळीचा भाग असा की एकच श्रद्धा माणसाला तारते किंवा बुडवते, ती कशी धरली जाते त्यावर. देव माझ्या बाजूला बसला आहे असं वाटणाऱ्याला बळ येतं. देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलंय, असं ज्याच्या मनात बसतं त्याची प्रकृती आणखी खालावते. म्हणून तरण्या विधवेला, तुमच्या घरात काहीतरी पाप असेल, असं सांगणारा उपदेशक भगताहून वेगळा नाही. रडू नका, तो देवाघरी सुखात आहे, हेही पहिल्या महिन्यात बोलू नये. ते खरं मानणाऱ्यालाही तेव्हा ते ऐकवत नाही. प्रार्थना करता म्हणजे गोळ्या बंद करा, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. आणि भ्यालेल्या माणसाला धर्म बदलण्याची घाई करू नये. तहानलेल्याला पाणी देताना अट घालायची नसते.

चांगल्या मंडळीत काय होतं, तेही सांगायला हवं. कॅथलिक घरात सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते, वर्षाची होते, आणि २ नोव्हेंबरला सगळे मिळून कबरस्तानात जातात, कबरी साफ करतात, मेणबत्त्या लावतात. प्रॉटेस्टंट घरांत स्मरणाची प्रार्थना असते, पाळकसाहेब येतात, टिळकांची भजनं म्हटली जातात. या सगळ्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. गेलेल्याचं नाव मोठ्याने, चारचौघांत, पुनःपुन्हा घेतलं जातं. ज्याचं नाव घेता येतं त्याची भीती कमी होते. तेविसाव्या स्तोत्रात अंधाऱ्या दरीतून जाणाऱ्याला दरी टळेल असं आश्वासन नाही, बरोबर कुणीतरी चालतं आहे एवढंच आहे. रोज रात्री कडी घालताना म्हणायला ते पाठ असणं, हे साधं साधन आहे. जीभ ओळखीच्या शब्दांना लागली की श्वास संथ होतो.

पण मंडळीची खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागते. तेव्हा कोण येतं? तलाठ्याकडे वारसनोंदीला कोण बरोबर जातं? कर्ता माणूस गेलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या घराला राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, संजय गांधी निराधार योजनेत दरमहा अनुदान मिळतं, हे तिला कोण सांगतं आणि तहसील कचेरीच्या ओट्यावर तिच्याबरोबर तासन्‌तास कोण बसतं? ओसरीवर भरणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या मंडळीला हे जमतं, कारण तिथे कोण आलं नाही ते लगेच कळतं. झोप महिनोन्‌महिने लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर, वचनांच्या शेजारी लावलेला असावा.

रमाबाईंना अखेरच्या वर्षी आणखी एक मृत्यू बघायचा होता. मनोरमा केडगावचा कारभार सांभाळत होती, आईच्या मागे तीच सगळं बघणार हे ठरलेलं होतं. जुलै १९२१ मध्ये ती गेली, चाळिशीत. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि ऐकू फारच कमी येत होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत आणलं होतं, त्याचं काम अजून संपायचं होतं. केडगावच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवत होत्या, मुद्रितं येत होती, ती तपासायची होती. रमाबाईंनी ती तपासली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं.